दादाच्या पिकपचं वायरिंग

ता. १२ जानेवारी १९४७, रविवार

नगरहून सायकलने दुपारी घरी. गॅरेजच्या शेठनी रजा दिली, पण तोंड वाकडं करून. गिऱ्हाइकांच्या गाड्या उघड्या पडल्यात आणि मी निघालो घरच्या खटाऱ्याला हात लावायला.

पाणी प्यायच्या आधीच आण्णा म्हणाले, "पिकप चालू कर. तुझ्या दादाला तिच्यातनंच न्यायाचं हाय."

न्यायचं म्हणजे प्रवरासंगमाला. सिंगापूर पडलं तेव्हा दादा तिथे पलटणीत होता, त्यानंतर पत्ता नाही. कैदेतले लोक सुटून आले. केडगावचा एक आला, हाडं मोजून घ्यावीत असा. दादा आला नाही. दिवाळीनंतर सरकारी कागद आला, मेला असं समजावं म्हणून. देह नाही, तेव्हा पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, मग दहावं, तेरावं. आणि त्याबरोबर वहिनींचं कुंकू पुसायचं. हे आण्णा बोलले नाहीत. वहिनी चुलीपाशी होत्या, त्यांना सगळं ऐकू गेलं. भाकरी थापायचा आवाज थांबला आणि परत सुरू झाला.

मी "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

ता. १३, सोमवार

पिकप बाभळीखाली आहे, दादाने जाताना उभी केली तिथेच. बैल जुंपून गोठ्यात ओढून आणली. बंपरला कुणीतरी लिंबू-मिरच्या बांधल्यात. गावात बोलतात, झपाटली म्हणून. दादा गेल्यावर आण्णांनी हॅण्डल मारून पाहिलं, एक मिस्त्री येऊन गेला, गाडी हूं की चूं करीना. मिस्त्री म्हणाला, उंदरांनी वायरी खाल्ल्या, सगळं बदलावं लागेल. वहिनी म्हणाल्या, ती दुसऱ्याच्या हातानं चालायची न्हाई. पुढे पेट्रोलच मिळेना, विषय मिटला.

मिस्त्री निम्मा खरा निघाला. डॅशबोर्डच्या मागे उंदराचं घरटं, वायरींवरच्या सुताचंच विणलेलं. आतलं रबर बोट लावलं की भुगा. ठिगळं लावून भागणार नाही. सगळं काढायचं, सगळं नवं.

ता. १४, मंगळवार. संक्रांत

काम नाही. बाया ववसायला देवळात गेल्या, वहिनीही गेल्या, हिरवं लुगडं नेसून, सुगडं घेऊन. लवकर परत आल्या. मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, चुलीकडे तोंड करून. पाटलांच्या थोरलीने कुंकवाचं बोट त्यांच्या कपाळापर्यंत आणलं आणि तिथेच थबकली. मग लावलं. "लावलं की पन," म्हणाल्या.

आण्णांनी तिळगूळ घेतला नाही.

ता. १५, बुधवार

जुनं वायरिंग अख्खंच्या अख्खं बाहेर काढलं. कापायचं नसतं, नाहीतर कुठला फाटा कुठे ते समजत नाही. गोठ्याचं दार काढून आडवं टाकलं, त्यावर जुना जुडगा पसरला आणि प्रत्येक वळणाला, प्रत्येक फाट्याला खिळा ठोकला. आता जुनं उचलायचं, खिळ्यांच्या मधून नव्या वायरी न्यायच्या, बांधायच्या, वर पट्टी गुंडाळायची. मिलिटरीच्या वर्कशॉपात हेच करत होतो. तिथे मात्र गाड्या कुणाच्या आहेत ते माहीत नसायचं.

हे वायरिंग दादाने स्वतः केलेलं. पट्टी सोडायला लागलो तर सुटेना, आणखीच आवळत होती. मग डोक्यात प्रकाश पडला. दादा डावखुरा. सगळे पीळ उलटे. प्रत्येक सांधा सोडताना मला हात त्याच्यासारखा फिरवावा लागतो. दिवसभर तेच केलं. अंगावर काटा आला, उगाच कशाला खोटं लिहू.

ता. १६, गुरुवार

सकाळी गोठ्यात गेलो तर दार फिरवलेलं.

आण्णा कोपऱ्यात बसले होते. म्हणाले, "त्याचं पाय दक्षिणेला हुतं रं."

मी म्हणणार होतो, आण्णा, वायरी आहेत त्या. पण दाराकडे पाहिलं. वर हॉर्नचा फाटा, दोन्हीकडे पुढच्या दिव्यांचे, खाली दोन लांब, मागचा दिवा आणि पेट्रोलचा काटा. खरंच माणूस निजल्यासारखं दिसतं. आण्णांनी त्याचं डोकं पूर्वेला करून ठेवलं होतं, जिवंत माणसाने निजावं तसं. पुतळा करायला निघालेला माणूस, आणि वायरींचे पाय दक्षिणेला चालत नाहीत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तशी गत झालीय त्यांची.

दार तसंच राहू दिलं. मला उजेड उलटा पडतो. चालेल.

ता. १९, रविवार

काल नगरला जाऊन डिस्पोजलच्या बाजारातून वायर आणली. लढाईतली उरलेली, सगळी एकाच काळ्या रंगाची. ओळख कशी ठेवायची हा प्रश्न. वहिनींनी गोधडीचे दोरे आणून दिले. तांबडा दिव्यांचा, पिवळा डायनमोचा, हिरवा हॉर्नचा. स्वतःच बसून टोकाला गाठी मारू लागल्या. हात चांगला चालतो त्यांचा.

प्रत्येक वायरीला विचारत होत्या, "ही कुठं जाती, भावजी?" मी सांगत होतो. बरं वाटत होतं दोघांनाही. त्यांनी दादाची एक गोष्ट सांगितली, घोडेगावच्या बाजारातून येताना म्हैस मागे आणि सासू पुढे बसवून आणली होती, आमची आई तेव्हा होती, वाटभर म्हशीलाच शिव्या देत होती. हसलो.

मग मी म्हटलं, ही पांढऱ्या दोऱ्याची कॉइलची, हिच्याशिवाय इंजिन लागत नाही. तर त्या उठून गेल्या. दूध उतू जाईल म्हणाल्या. तेव्हा दूध चुलीवर नव्हतंच.

ता. २१, मंगळवार

कॉइलची जुनी वायर मोजली तर हवी त्यापेक्षा बरीच लांब. सरळ जायच्या ऐवजी सीटखाली जाते आणि परत येते. दादा असा बावळट नव्हता. सीटची फळी काढली.

खाली चौकटीला एक पितळी बटण. घरातल्या दिव्याला असतं तसलं. बंद केलेलं.

म्हणजे गाडी अडली ती उंदरांमुळे नव्हेच. बटण बंद, कॉइलला करंट नाही, मग ब्रह्मदेवाने हॅण्डल मारलं तरी काय होणार. भूत नाही, खेत नाही. हसू यायला हवं होतं. पण फळीखाली सगळीकडे बोटभर धूळ, कोळ्याची जाळी, आणि बटण तेवढं लखलखीत. कुणीतरी त्याला हात लावत आलंय, इतकी वर्षं.

संध्याकाळी वहिनी आल्या. फळी उघडी बघून दारातच थांबल्या.

"घावलं व्हय."

मी फळी भिंतीला टेकवली.

"जाताना त्यांनीच बंद केलं. म्हनले, मी येईस्तोवर गाडी कुनाच्या हाती जाऊ द्यायची न्हाई, आन कुनाला सांगायचं न्हाई. मी म्हनलं बरं."

"मिस्त्री आला तेव्हा?"

"तवा बी गप बसले."

"वहिनी, आण्णांनी हॅण्डल मारून मारून खांदा धरून घेतला होता."

"बघत हुते की मी." मग म्हणाल्या, "आवं भावजी, गाडी बंद हाय तवर..."

शेणाची पाटी उचलून गेल्या.

ता. २२, बुधवार

हात चालत नाही. नवं वायरिंग करताना कॉइलची वायर सरळ न्यायची की बटणातून न्यायची? सरळ नेली तर गाडी चालू, पुतळा गाडीत, आणि संगमावर कुणीतरी बाई पुढे होऊन वहिनींचं कपाळ पुसणार, बांगड्या फोडणार. ते माझ्या हाताने. नाही नेली तर आण्णांना खोटं सांगायचं. त्यांना रात्री झोप नाही. म्हणतात, पोरगं उपाशी फिरतंय, पाणी न्हाई, पिंड न्हाई. ते खरंच ऐकतात त्याला. कौलावर काटकी पडली तरी उठून बसतात.

आणि मी? दादा मेला आहे असं मला वाटतं. तो गोठ्यात आहे असंही वाटतं. दोन्ही एकदम. दुपारी चार सांधे केले, पट्टी लावायच्या आधी नीट पाहिले. चारही पीळ उलटे. मी उजव्या हाताचा माणूस. सगळे सोडून परत केले.

कुणाला सांगायचं हे.

ता. २६, रविवार

केडगावचे भटजी आले. पुढच्या रविवारचं ठरलं. साहित्य सांगितलं, पळसाची पानं, दर्भ, डोक्याच्या जागी नारळ. आण्णा मान हलवत होते. मग एकदम म्हणाले, "समदं करू म्हाराज. पन उद्या पोरगा दारात हुबा ऱ्हायला, तर?"

इतके दिवस मला वाटत होतं आण्णांच्या मनात शंका नाही.

भटजी म्हणाले, "त्याचीही सोय शास्त्रात आहे. परत आला तर त्याचा नवा जन्म धरायचा. न्हाऊ घालायचं, जन्माचे संस्कार करायचे, बारसं करून तेच नाव ठेवायचं. मग लग्न लावायचं."

"कुनाशी?" आतून वहिनींचा आवाज. सासऱ्यासमोर कधी तोंड न उघडणारी बाई.

भटजी चपापले. "त्याच बायकोशी, बाई. पुन्हा अंतरपाट धरायचा."

आत वहिनी हसल्या. लहान मुलीसारख्या. आण्णांनी मान खाली घातली, भटजी पंचांग चाळत बसले.

नंतर गोठ्यात येऊन मला म्हणाल्या, "भावजी, मुंडावळ्या तुमी आनायच्या बरं का."

"आणीन," मी म्हटलं. त्यांना वेड लागलं की त्याच आमच्यात एकट्या शहाण्या आहेत, मला सांगता येत नाही.

ता. २८, मंगळवार

जुडगा गाडीत चढवला. कॉइलची वायर सीटखालून नेली, बटणातून, जशी दादाने नेली होती. बटण बंद ठेवलं. वहिनींना बोलावून दाखवलं.

म्हटलं, "मी आता याला हात लावणार नाही. आण्णांना सांगणारही नाही. रविवारी मी हॅण्डल मारीन. लागलं तर लागलं, नाही लागलं तर वायरिंग मला जमलं नाही. गावात नाव जाईल, जाऊ दे."

वहिनी बटणाकडे बघत राहिल्या. "आन तुमी कुनाच्या बाजूचं, भावजी?"

इकडे आड, तिकडे विहीर, आणि मी मधे पाना घेऊन उभा.

ता. ३०, गुरुवार

बॅटरी चार्ज करून आणली, दिवे पाहिले. दोन्ही लागतात, मागचा लागतो, हॉर्न वाजतो. हॉर्नला शेजारपाजारची माणसं धावत आली. दादाचा आवाज ओळखला म्हणतात. आण्णा खांबाला धरून बसले. मी परत वाजवला नाही.

आण्णांनी विचारलं, "इंजान?"

म्हटलं, ते रविवारी.

ता. २ फेब्रुवारी, रविवार. सकाळ

गाडीतच बसून लिहितो आहे, गुडघ्यावर वही, पेन्सिलीने. अक्षर हलतंय.

पळसाची पानं, दर्भ, नारळ आण्णांनी मागे ठेवलं, धोतराच्या पानात बांधून. स्वतः बाजूला बसले, गाठोड्यावर हात ठेवून. भटजी परस्पर येणार. मी पुढे जाऊन हॅण्डल घातलं. वायरी सगळ्या नव्या, प्रत्येक सांधा मी केलेला, आणि मनात म्हणत होतो, नको लागूस. लागू नकोस बाबा.

पहिल्याच फेऱ्याला लागलं.

इंजिन काय गोड चालतंय. आण्णा रडायला लागले. मी हॅण्डल हातात घेऊन तसाच उभा. बटणाला मी हात लावलेला नाही. आण्णांना ते माहीतच नाही.

वहिनींना हाक मारली. आतून म्हणाल्या, आले.

मघाशी आण्णा म्हणाले, बंद कर, तेल जळतंय. मी म्हटलं, असू द्या. परत हाक मारायचा धीर होत नाही. दार उघडं आहे. आत पेटी उघडल्याचा आवाज आला, मग बांगड्यांचा. पांढरं नेसतायत की लग्नातलं, इथून दिसत नाही.