सात नंबरचा डबा

१४ जुलै ९७, सोम.
नातीनं, वसूनं, स्वैपाकघरातल्या डब्यांना नंबर चिकटवले. कैदी जसे. मोहरी सात, गूळ बारा. पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात कुठलं सामान कुठल्या फळीवर ते सांगणारा प्रोग्राम करते आहे. पर्ल का काय, त्या यंत्राच्या भाषेत. ऑफिसचं यंत्र घरी आणलंय, आधी माझ्या डब्यांवर हात साफ! शुक्रवारी तिथं चाललं तर नोकरी पक्की. नाहीतर शामू, तिचा बाप, स्थळं घेऊन टपलाच आहे.
"अज्जी, सात दाब, मग एंटर."
दाबलं. म्हणे, असा डबा नाही. मोहरी डोळ्यांसमोर!
"यंत्राला चष्मा लाव," म्हटलं.

१५, मंगळ.
सापडलं. एंटर दाबलं की तेही साताच्या शेपटीला चिकटून आत जातं. मग तसला डबा कसा मिळणार. शेपूट तोडायला 'चॉम्प' लिहायचं, ते राहिलेलं. देठासकट भेंडी फोडणीला टाकली बाईनं.
आता: मोहरी, वरची फळी. वसू नाचली. खालच्या अक्का विचारायला वर आल्या, काय पडलं.

१८, शुक्र.
पीण्याहून तोंड पाडून आली. तिथं सगळ्यालाच 'नाही'. त्यांच्या यंत्रातून येणाऱ्या ओळीला शेपट्या दोन, चॉम्प तोडतं एकच. साहेब म्हणाले सोमवारी शेवटचं.
शामू, "मी सांगत नव्हतो?"
"तू दहावीला किती वेळा बसलास रे?" मी विचारलं.

२०, रवि.
आता दोन्ही शेपट्या तोडते. मागंपुढं मोकळी जागा राहिली तर तीही.
"अज्जी, कसंही दाब, बिघडवून दाखव."
हे काम मला जमतं. जागा, सात, परत जागा, एंटर. बरोबर सांगितलं. नुसतंच एंटर दाबलं. न चिडता परत विचारतंय, नंबर सांगा. या घरात कुणाला जमतं हे?

२१, सोम.
दही-साखर खाऊन गेली. दिवे लागले, अजून पत्ता नाही. शामू पेपर धरून फोनपाशी. पान उलटत नाही.
मी यंत्रापाशी बसले. सात. एंटर. मोहरी, वरची फळी. काय तो थाट!
वरती कुठली? हात पुरत नाही म्हणून सकाळीच खाली ठेवली मी.
कारखान्यातली माणसंसुद्धा सामान हलवत असतीलच. मग यंत्राला सांगायचं कुणी? वसूला विचारायला हवं. पण आधी जेवू दे तिला.
फोन वाजतोय. शामू उचलत नाही. भित्रा. मीच उठते.