सुरेंद्र यास वगळून

मौजा मोहबोडी, तालुका नागभीड, जिल्हा चंद्रपूर येथे राहणारा मी, डोमाजी मुखरू नागापुरे, वय अडुसष्ट, धंदा मासेमारी, मच्छीमार सहकारी संस्थेचा माजी सचिव, हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेत आहे. होळीपासून माझा उजवा हात व उजवा पाय लकव्याने गेले. जीभ शाबूत आहे, हे घरच्यांना चांगले माहीत आहे. डोके पूर्वी होते तिथेच आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकील असा माणूस या गावात उरलेलाही नाही.

हा मजकूर माझा मुलगा सुरेंद्र याच्या हातून लिहवून घेत आहे. तहसीलसमोरच्या अर्जनवीसाचे अक्षर याच्यापेक्षा चांगले आहे. तरी मी सुरेंद्रलाच बसवले, कारण यातला बराच मजकूर त्याच्याविषयी आहे आणि मागाहून "बाबा असं बोललेच नव्हते" असे म्हणायला त्याला जागा राहू नये. तो आमच्या जय वाल्मिकी क्रीडा मंडळाच्या कबड्डी संघाचा नऊ वर्षांपासून कर्णधार आहे. मंडळ ज्या मैदानावर खेळते ते मैदान माझ्या नावावर आहे. त्या मैदानाचे काय करायचे ते मी शेवटी सांगणार आहे. तोवर त्याने पेन खाली ठेवू नये.

कलम एक. राहते घर, मागची बाडी व विहीर माझी पत्नी ताराबाई हिला तहहयात. तिच्या पश्चात सुरेंद्र आणि मुलगी दामिनी यांना सारखे. ताराबाईने आयुष्यात एक सामना पाहिला नाही, पण खेळाडूंना शिव्या देत देत त्यांना जेवू घातले. घरावर तिचा हक्क माझ्यापेक्षा जास्त आहे, हे मी तिच्या तोंडावर कधी बोललो नाही आणि आताही बोलणार नाही. वाचून दाखवू नये.

कलम दोन. दामिनी ऊर्जानगरला क्वार्टरात राहते, तिचे बरे चालले आहे. जावई एकदाच फायनल पाहायला आला आणि पहिल्या रांगेत लोखंडी खुर्चीवर झोपला. आमचे पोट्टे पकड करत होते आणि हा घोरत होता, पंचाने वळून पाहिले. ती खुर्ची मी सांभाळून ठेवली आहे. ती जावयाला द्यावी.

कलम तीन. तलावावरचा माझा डोंगा, दोन्ही फेकजाळी व वल्हे गावाबाहेरच्या टोल्यावर राहणाऱ्या चैतू आत्राम याला द्यावे. चैतू आमच्या संघाचा रेडर होता. होता असे लिहावे लागते आहे, त्याचे कारण पुढच्या कलमात आहे.

इथे सुरेंद्र थांबला. म्हणाला, "बाबा, डोंगा बी?"

मी म्हणालो, "तू तलावात कधी उतरला होतास शेवटचा? तुले आठवत नसन तर डोंग्याले बी आठवत नाई. लिही."

कलम चार. संघाविषयी. हे कलम मोठे आहे.

आमच्याकडे कबड्डी धान निघाल्यावर सुरू होते आणि होळीला संपते. पावसाळ्यात खेळ नसतो, फक्त समिती असते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, समिती बसते आणि येत्या हंगामात कोण खेळणार, कोण जाणार ते ठरवते. संघाचा सत्यानाश त्या एका दुपारी होतो, बाकीचे चार महिने लोक फक्त तो पाहायला येतात. यंदाच्या पाडव्याची बैठक माझ्याच ओसरीवर झाली. मी आत खाटेवर होतो. लकवा कानाला झालेला नाही.

बैठकीत काय ठरले ते सांगण्याआधी गेला हंगाम कसा बुडाला ते सांगतो, म्हणजे ठरवणाऱ्यांची अक्कल कळेल. संक्रांतीला तळोधीला मोठी स्पर्धा असते, वजनगटाची. गटात बसायला खेळाडूचे वजन ठरल्या आकड्याच्या आत लागते. आमच्या कर्णधाराने जाण्याआधी सगळ्यांना तोलले. कशावर तोलले, तर संस्थेच्या मासळीच्या काट्यावर. मासे ओले येतात, टोपलीतून पाणी गळत असते, म्हणून व्यापाऱ्याचे समाधान व्हावे इतका तो काटा पहिल्यापासून मागे लावलेला आहे, खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. हे मोहबोडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी त्या वेळी धडधाकट होतो. मी अंगणातून ओरडून सांगितले, की काट्यात पाणी वजा आहे.

सुरेंद्र हसून म्हणाला, "बाबा, मानसात कुठी पानी असते? आमी का मासे हाओ?"

समिती पोट धरून हसली. तळोधीच्या काट्यावर पाणी वजा नव्हते. गडचांदूरहून आणलेले दोन भाड्याचे खेळाडू बाद झाले आणि तिसरा बाद झाला तो खुद्द कर्णधार. संघाचे सातच जण गेले होते, कारण जीपमधली उरलेली जागा समितीच्या लोकांनी भरली होती. चौघांना घेऊन सामना होत नाही. आम्ही एकही रेड न टाकता हरलो. चैतूने पंचाला विनवले, की मी एकटा टाकतो रेड, फक्त एक टाकू द्या. पंचाने त्याला बाहेर काढले.

आता पाडव्याचे निर्णय. पहिला, गडचांदूरचे दोघे कायम. ते सिमेंट कारखान्याच्या खाणीवर कामाला आहेत, अंगाने दणकट आहेत, आणि समोरचा रेडर आला की दोघे एकमेकांकडे पाहतात. पकड कोणी करायची हे त्यांचे अजून ठरलेले नाही. त्यांना ठेवले, कारण गेल्या वर्षी त्यांना आणले ते चूक होते असे म्हणायला समितीला लाज वाटते.

दुसरा निर्णय, मंडळाचे अध्यक्ष देवराव यांचा भाचा रेडर. देवरावांची राइस मिल आहे, बनियनी ते देतात, म्हणून भाचा रेडर. हा पोट्टा मध्यरेषा ओलांडतो ती परत येण्याच्या तयारीनेच. त्याचा कबड्डी कबड्डीचा आवाज मात्र चांगला आहे. त्याला नाटकात घ्यावे.

तिसरा निर्णय, चैतू बाहेर. कारणे दोन दिली. पंचाशी हुज्जत घातली हे एक. सरावाला येत नाही हे दुसरे. चैतू पावसाळा सरला की गडचिरोलीकडे बांबू तोडायला जातो आणि सामन्याच्या दिवशी सायकल मारत येतो, हे खरे आहे. घरी खायला असते तर तोही सरावाला आला असता आणि गडचांदूरच्या दोघांसारखा एकमेकांकडे पाहायला शिकला असता. गेल्या पाच वर्षांत आमचे जे काही गुण झाले ते त्याच्या पायांनी आणले. त्याचे नाव कापताना ओसरीवर एकही माणूस खोकला नाही.

चौथा निर्णय, कर्णधार आणि उजवा कोपरा सुरेंद्र, कायम. माझ्या मुलाचा डावा गुडघा पाच वर्षांपूर्वी गेला. ब्रह्मपुरीच्या सेमीफायनलला त्याने शेवटच्या रेडला समोरच्याचा घोटा धरला आणि सोडला नाही. आम्ही जिंकलो. तशी पकड मी परत पाहिली नाही. त्यानंतर तो कोपऱ्यात उभा राहतो, समोरचा रेडर दमला की त्याच्याकडे येतो, एक गुण घेतो आणि ताजा होऊन जातो. चैतूचे नाव कापले तेव्हा कर्णधार म्हणून याला विचारले होते. मी आतून कान देऊन होतो. हा म्हणाला, "समिती म्हनन तसं."

इथे ताराबाई चुलीपासून उठून आली आणि बोलली. तिचे म्हणणे लिहून घ्यावे असे मी सांगितले. "त्याचा गुडघा तुमीच घेतला. तुमीच बाहेरून बोंबलत होते, सोडू नको, सोडू नको. पोरगं तुमच्या आवाजाले भ्यालं म्हनून त्यानं सोडलं नाई. आता लंगडा झाला त चालले काढून टाकाले."

ताराबाई म्हणते ते बरोबर आहे. मी ओरडलो. सोडले असते तर हरलो असतो. आज पुन्हा तो सामना लागला तरी मी तेच ओरडेन.

सुरेंद्रने एवढे लिहून घेतले. मग मान वर न करता म्हणाला, "बाबा, एक हंगाम द्या. एकच. मले काई येत नाई दुसरं. तलावाचं तुमी शिकवलं नाई, शेती पानभर. गावात लोक मले कॅप्टन म्हनून बोलवतात. तेवढं गेलं त मी कोन राह्यलो?"

मी म्हणालो, "डोमाचा पोरगा. माह्या मागं तेबी नाई."

साक्षीला बसलेले नूर मोहम्मद शिंपी म्हणाले, "डोमाभाऊ, हे जास्तच होऊन राह्यलं. घरचा पोरगा हाय, कापड थोडी हाय कापाले." नूर मोहम्मद यांनी मंडळाच्या पहिल्या बनियनीपासून सगळ्या बनियनी शिवल्या. सुरेंद्रच्या बनियनी दरवर्षी पोटाशी सैल करून देतात आणि त्याला सांगत नाहीत. म्हणून त्यांना दया येते. त्यांना आणि दुसरे साक्षीदार सुकलू मांढरे यांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. साक्षीदाराला काही देता येत नाही हा कायदा मला माहीत आहे, आणि दोघांना साक्षीला बसवण्याचे तेही एक कारण आहे.

कलम पाच. माझ्या मयतीविषयी. तिरडी उचलणारे चार जण मी आजच ठरवून ठेवतो, नाहीतर हेही समिती ठरवील. पुढे उजवीकडे चैतू. डावीकडे सुकलूचा मोठा पोरगा, तो पावसात घसरत नाही. मागे गडचांदूरचे दोघे चालतील, कारण एकदा खांद्यावर ठेवल्यावर एकमेकांकडे पाहायची सोय राहत नाही. देवरावांनी पुढे चालावे, त्यांना आवडते. सुरेंद्रने खांदा देऊ नये. तलावाची पाळ उतरताना गुडघा मोडला तर मी खाली पडेन, आणि मेल्यावर तरी मला याच्यापायी हरायचे नाही.

सुरेंद्रने हे पूर्ण लिहिले. मग विचारले, "आन आगी कोन देईन?"

मी म्हणालो, "तूच दे. त्याले पळा लागत नाई."

कलम सहा. मैदान. गट नंबर सातबारावर आहे तो पाहून घ्यावा. ही जागा माझ्या वडिलांची जाळी वाळवायची होती. माती चांगली आहे, पोरे पडली तरी फारसे लागत नाही, म्हणून तिथे खेळ सुरू झाला. देवरावांना ती मिलच्या गोदामासाठी हवी आहे. गेली दोन वर्षे ते गोडगोड बोलतात, आणि सुरेंद्रला कर्णधार ठेवण्यामागेही तेच आहे. बापाच्या मागे जमीन याची होईल आणि हा देवरावांना नाही म्हणणार नाही, इतका साधा त्यांचा हिशेब आहे. पण मी अजून मेलेलो नाही.

म्हणून या मैदानाचा निर्णय मी सुरेंद्रच्याच हाती देतो. या मृत्युपत्राखाली लेखक म्हणून त्याला सही करायची आहे. सहीखाली त्याने आपला हुद्दा लिहावा. हुद्दा "कर्णधार" असा लिहिला तर मैदान देवरावांना जाईल. मंडळ बुडवायचेच असेल तर एकदाचे बुडवा, तिथे निदान तांदूळ तरी राहील. हुद्दा "माजी कर्णधार" असा लिहिला तर मैदान मंडळाला जाईल, कबड्डीसाठी, कायमचे. मग त्यावर चैतू खेळेल आणि सुरेंद्र दोरीच्या बाहेर बसेल. तिसरा हुद्दा चालणार नाही. कोरे सोडले तर ते "कर्णधार" समजावे, कारण कोरे सोडणे हे समिती म्हणेल तसे करण्यासारखेच आहे.

हे सांगून झाल्यावर सुरेंद्र म्हणाला, "तुमी मले एकडाव बी शाबास म्हनलं नाई, बाबा. ब्रह्मपुरीले बी नाई."

मी म्हणालो, "ब्रह्मपुरीले मी रडलो होतो. तू स्ट्रेचरवर होतास, तुले दिसलं नसन." हेही लिहून घ्यायला सांगितले. यावरून माझे मन विरघळले असे कोणी समजू नये. कलम सहा जसे आहे तसेच राहील.

याआधी मी दुसरे कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. बोललो ते भानावर असताना बोललो, आणि पुन्हा वाचून घेतले तेव्हा त्यातले काहीही मऊ करावेसे वाटले नाही. उजवा हात चालत नसल्याने डाव्या हाताचा अंगठा दोन्ही साक्षीदारांसमोर करीत आहे, आणि त्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या आहेत.

ठिकाण: मोहबोडी
तारीख: २६ सप्टेंबर १९९९, रविवार

मृत्युपत्र करणार
डोमाजी मुखरू नागापुरे
(डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार
१. नूर मोहम्मद, शिंपी, राहणार नागभीड (सही)
२. सुकलू मांढरे, राहणार मोहबोडी (सही)

वरील मजकूर वडिलांनी सांगितला तसा मी माझ्या हाताने लिहिला. माझ्याविषयीचा मजकूरही मीच लिहिला, त्यात खाडाखोड नाही. मैदानावर चैतूला पहिल्या दिवसापासून घ्यावे, एवढे माझे म्हणणे आहे.

लेखक
सुरेंद्र डोमाजी नागापुरे (सही)
माजी कर्णधार