आंजीची शुद्ध मराठी

ड्रेस्डेन, जर्मनी
१० नोव्हेंबर २०२४

ती. छाया आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

माझं पत्र पाहून तू आधी दचकशील, कारण आपल्याकडे आता पत्र येतं ते बँकेचं नाहीतर कोर्टाचं. काळजी करू नकोस. तब्येत बरी आहे, कापडाच्या कारखान्यांचा अभ्यास रेटते आहे, थंडीशी अजून जमलेलं नाही. मी फोन का उचलत नाही म्हणून आईने तुझ्यामागे भुणभुण लावली असेल. त्याचं खरं उत्तर तुलाच लिहिते. आईला सांगू नकोस, ती उगाच स्वतःला बोल लावून घेईल.

सप्टेंबरात नानाजी गेले त्या दिवशी आईचा फोन मी वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात घेतला होता. ते आजारी होते हेसुद्धा मला कोणी कळवलं नव्हतं. ओट्याला धरून मी रडत होते, आणि रडताना तोंडातून घरचीच बोली येणार. "नानाजीले मले पाह्यचं होतं वो माय, तू मले काऊन नाई सांगतलं?" एवढंच मी पुन्हा पुन्हा म्हणत होते. बाजूच्या टेबलावर योगेंद्र येळणे जेवत बसला होता. हा इथे भाषांचा अभ्यास करतो, स्वतःला पुण्याचा म्हणवतो, आणि इथल्या मराठी मंडळींत त्याच्या शब्दाला मोठा मान आहे. त्याने माझं सगळं रडणं गुपचूप रेकॉर्ड केलं.

गेल्या रविवारी मराठी मंडळींचा दिवाळीचा कार्यक्रम झाला. त्यात योगेंद्रने एक खेळ घेतला, आवाज ऐका आणि कुठली मराठी ते ओळखा. दोन-तीन आवाज झाले आणि मग माझा आवाज लागला. नाव काढलं होतं, हुंदके ठेवले होते, आणि "काऊन नाई सांगतलं वो" हे वाक्य तीनदा जोडलं होतं. लोकांना वाटलं एखाद्या नाटकातली मोलकरीण असावी. अख्खा हॉल हसला. मी चकल्यांचं ताट घेऊन तिथेच उभी होते. पोरं तर "काऊन वो, काऊन वो" करत माझ्याच भोवती पळत होती, आत्या.

दुसऱ्या दिवशी मी त्याला गाठलं. त्याचं म्हणणं असं की हा अभ्यासाचा नमुना आहे, त्यात नाव कुठे आहे, आणि इतकी अस्सल बोली माझ्या तोंडी आहे याचा मला अभिमान वाटायला हवा. वर त्याने विचारलं की जानेवारीत तो वर्धा जिल्ह्यात बायकांचं बोलणं गोळा करायला जाणार आहे, तर कोणाचा पत्ता देशील का.

तेव्हापासून फोन हातात घेतला की माझं लक्ष दाराकडे जातं. आईशी मी मले-तुले सोडून मला-तुला करत बोलते. बुधवारी तिने विचारलं, पोरी, तू कोणाशी बोलून राह्यली? त्यानंतर मी फोन उचलणंच सोडलं.

मला त्याची माफी नको. मी उभी होते तसं त्याला एकदा भरल्या हॉलमध्ये उभं राहिलेलं पाहायचं आहे. तुझी माया आहेच, या खेपेला थोडा रागही पाठव.

तुझी,
रुचिका


आंजी (मोठी)
२ डिसेंबर २०२४

चि. रुचिकास,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

पत्र वाचलं आणि भाकर तव्यावर जळाली. तू ज्याच्यासाठी रडलीस तो तुझा आजा आणि माझा बाप होता. त्याच्या मरणाच्या बातमीवर तिकडे लोक चकल्या खात हसले, हे काही माझ्या घशाखाली उतरत नाही. तू राग मागितलास. तो इथे पुरून उरेल एवढा आहे, टपालाने मावायचा नाही.

आता ऐक. येळणे हे आडनाव पुण्यात उगवत नाही गं. आपल्याकडे मूळ गाव कोणतं, मामा कोण, हे विचारल्याशिवाय माणसाला चहा देत नाहीत. तुम्ही शिकलेली पोरं याला चांभारचौकशा म्हणता. आर्वीला एका लग्नात गेले, जेवणाच्या पंगतीतच तुझ्या योगेंद्रचं सगळं कूळ माझ्या पानावर आलं. पोरगा वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेचा. तिसरीत असताना बाप वारला, आईला पुण्याला नोकरी लागली आणि ती त्याला घेऊन गेली. आजी अजून पिपरी मेघेलाच आहे, शोभाबाई. पाच वर्षांत नातवाने तोंड दाखवलेलं नाही म्हणे.

परका असता तर मी एकवेळ म्हटलं असतं, जाऊ दे, त्याला काय कळणार. हा तर आपल्याच ताटात जेवून मोठा झालेला. याला मी सोडत नाही.

त्याला माझा पत्ता दे. निवृत्त शिक्षिका आहे, गावातल्या बायका गोळा करून देईल, राहायची-जेवायची सोय करील, असं सांग. मी तुझी कोण लागते ते सांगू नकोस. आणि तोंडावर गोड राहा. हे तुला जड जाईल हे मला माहीत आहे, लहानपणी तू रुसलीस की दोन-दोन दिवस फुगलेली असायचीस.

बाकी क्षेम. आशीर्वाद आहेतच, त्यांना धार लावून ठेवते.

तुझी आत्या,
छाया


ड्रेस्डेन
२० डिसेंबर २०२४

ती. छाया आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्ता दिला. त्याने आनंदाने मला कॉफी पाजली, आणि मी गोड हसत ती प्यायले. माझ्या तोंडाला अजून कडू चव आहे.

तो मूळचा पिपरी मेघेचा हे मी दोनदा वाचलं. म्हणजे त्या दिवशी मी काय म्हणत होते त्याचा शब्द न् शब्द त्याला कळत होता. हॉलमधल्या बाकीच्यांना ते खरं रडणं आहे हे निदान कळलं नव्हतं.

इथेही हेच आहे, आत्या. आमच्या कोपऱ्यावर पाव विकणारी बाई इकडची गावठी जर्मन बोलते आणि मोठ्या शहरांतून आलेली पोरं तिच्या मागे तिची नक्कल करतात. मी जर्मन शिकले ती निम्मी तिच्याकडूनच, त्यामुळे वर्गात आता माझीही नक्कल होते. दोन्ही भाषांत गावठी ठरलेली मी एकटीच असेन. त्या बाईने मात्र एका पोराला परवा शिळा पाव दिला आणि मला डोळा मारला.

योगेंद्रने माझी ती टेप आता त्याच्या प्रबंधातही घातली आहे. ती पुसायला लाव, आणि त्याला रिकाम्या हाताने परत पाठव. त्याला मारू-बिरू नका, तेवढ्याने माझं समाधान होणार नाही.

सगळ्या मोठ्यांना नमस्कार. मला आठवत राहा, आणि त्याला विसरू नका.

रुचिका


आंजी (मोठी)
२८ जानेवारी २०२५

चि. रुचिकास,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

पाहुणा येऊन गेला. सावकाश बसून वाच.

तो यायच्या आधी आठ दिवस मी गावातल्या बायकांना मारुतीच्या देवळात जमवलं. निम्म्या माझ्याच हाताखालून गेलेल्या, अजूनही मी वर्गात आल्यासारख्या उभ्या राहतात. त्यांना मी तुझ्या टेपची गोष्ट सांगितली, काही लपवलं नाही. नानाजींना सगळं गाव ओळखत होतं. मग मी म्हटलं, त्याला आपली बोली पाहिजे आहे. ती त्याला द्यायची नाही. पुस्तकातली मराठी द्यायची, पोट भरेपर्यंत.

पहिल्या दिवशी तो आवाज टिपायची मशीन घेऊन कापसाच्या वावरात गेला. मंदाबाईने हातातला कापूस खाली ठेवला आणि सांगितलं की आम्ही कापूस वेचत आहोत आणि यंदाचे पर्जन्यमान समाधानकारक होते. त्याने हसून म्हटलं, मावशी, घरी बोलता तसं बोला. तिने उत्तर दिलं की आम्ही घरी असेच संभाषण करतो. दुसऱ्या दिवशी त्याला वाटलं म्हाताऱ्या बायकांकडे जावं. अनुसयाबाई ऐंशीची, शाळा पाहिलेली नाही, पण टीव्हीवरच्या राजेरजवाड्यांच्या मालिका तिने एकही सोडलेली नाही. तिने त्याला हात जोडले आणि आपल्या आगमनाने आम्ही कृतार्थ जाहलो म्हणाली. मध्येच कुत्रं आत शिरलं तर त्यालाही, श्वाना, येथून प्रस्थान कर! मला ओसरीत तोंडात पदर कोंबावा लागला. इतकं हसू मला नानाजी गेल्यापासून आलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी रात्री त्याला जेवण जाईना. पातोडीची भाजी केली होती, वैरी असला तरी पाहुणा आहे. त्याने विचारलं की या गावात सगळे असं का बोलतात. मी म्हटलं, परदेशात आमच्या बोलण्याला हसतात असं कळलं, म्हणून गावाने सुधारायचं ठरवलं. त्याचा घास हातातच राहिला. मग मी सांगितलं, रुचिका माझी भाची, आणि ती ज्याच्यासाठी रडत होती ते माझे वडील.

पांढरा फटक पडला. तरी बोलला ते शास्त्राचंच. टेप प्रबंधात गेली आहे, सरांनी ऐकली आहे, आता काढता येत नाही, आणि इथून एकही नमुना मिळाला नाही तर त्याची शिष्यवृत्ती थांबेल. त्याला तुझं दुःख कळलं नाही, त्याची अडचण मात्र त्याने मला लगेच समजावून सांगितली. मी म्हटलं, ठीक आहे, उद्या एक बाई बोलेल. अस्सल बोलेल.

सकाळच्या एसटीने शोभाबाई आली. कान सोनारानेच टोचावे म्हणतात, म्हणून मी आधीच दोनदा पिपरी मेघेला जाऊन तिला सगळं सांगून आले होते. तेव्हा तिने एवढंच विचारलं होतं की तो कोणत्या दिवशी येऊन राह्यला. आजीला दारात पाहून योगेंद्र उठला आणि पाया पडायला वाकला. तिने पाय मागे घेतले. मग पाटावर बसली आणि म्हणाली, लाव तुही मशीन.

तासभर बोलली. आपल्या खणखणीत वऱ्हाडीत. एका पोरीचा आजा मेला, ती परमुलखात एकटी रडली, आणि माह्या नातवाने तिचं रडणं लोकाइले हासाले देलं. त्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, गाव, सगळं घेऊन बोलली. शेवटी मशीन चालूच ठेवून तिने जमलेल्या आम्हा सगळ्या बायकांना बाहेर पाठवलं आणि दार लोटून घेतलं. त्यानंतर काय बोलली ते मला माहीत नाही. ती बाहेर आली तेव्हा डोळे कोरडे होते, त्याचे नव्हते.

चार दिवसांत त्याला मिळालेली वऱ्हाडी ती एवढीच. दाखवली तर स्वतःची लाज दाखवायची, टाकली तर हात हलवत जायचं. तो घेऊन गेला आहे. आता पुढचं तुझ्याकडे.

स्वेटर घालत जा. आमचा जीव तुझ्यात आहे, तू तो मजबूत ठेव.

तुझी आत्या,
छाया


ड्रेस्डेन
२५ एप्रिल २०२५

ती. छाया आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काल योगेंद्रने त्याच्या विभागात आपलं काम सर्वांसमोर मांडलं. कार्यक्रम खुला होता, मी मागच्या रांगेत एका उंच मुलाच्या आड जाऊन बसले. हॉल भरलेला. दिवाळीला हसलेली बरीच मराठी मंडळी त्याचं कौतुक करायला आली होती.

त्याने तक्ते दाखवले, नकाशे दाखवले. आंजीतल्या अनुभवाबद्दल असं सांगितलं की शिक्षणामुळे बोली झपाट्याने लोप पावते आहे. अनुसयाबाईला हे कळवशीलच. मग त्याचे म्हातारे प्रोफेसर म्हणाले की नुसते तक्ते नको, एखादा आवाज ऐकवा. त्याने टाळायचा प्रयत्न केला, पण ते अडून बसले. हे प्रोफेसर इकडच्याच डोंगरातल्या खेड्यातले, त्यांच्या बोलण्यालाही लोक मागून हसतात. योगेंद्रने शोभाबाईचा अगदी शेवटचा तुकडा लावला. बाकी टेपेत त्याचं नाव-गाव सगळं होतं, हा तुकडा लहान होता आणि यात नुसतं योगू होतं, म्हणून निवडला असेल.

शोभाबाईचा आवाज हॉलभर झाला. इतक्या महिन्यांनी मी आपली बोली मोठ्याने ऐकली. प्रोफेसरांनी अर्थ विचारला. त्याने सांगितलं की आजी कापूस वेचण्याच्या जुन्या दिवसांबद्दल बोलते आहे. समोर बसलेल्या मराठी मंडळींपैकी काहींना शंका आली असावी, त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, पण कोणी बोललं नाही.

मी उभी राहिले. माझ्या त्या गावठी जर्मनमध्ये मी म्हटलं की हा अर्थ खोटा आहे, मी त्याच आंजीची आहे, पुन्हा लावा, मी सांगते. योगेंद्र मशीनला हात लावेना. प्रोफेसरांनी स्वतः उठून लावलं.

दरवाजा लोटल्यावर ती काय बोलली ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते. ती म्हणाली, "योगू, तू त्या पोरीवर लोकाइले काऊन हासवलं? तुहा बाप गेला तवा तू माह्या पदरात तोंड घालून याच बोलीत रडला. सारं गाव दारात जमलं होतं. म्या कोणाले हासू नाई देलं."

मी एकेक वाक्य थांबवून सांगत गेले. कोणती पोरगी, असं प्रोफेसरांनी विचारलं. मी म्हटलं, मीच ती, आणि माझ्या रडण्याची टेप यांच्या प्रबंधात आहे, यांनी ती दिवाळीला याच लोकांना हसण्यासाठी ऐकवली. समोरच्या रांगेतल्या माना खाली गेल्या. मग बापाचं वाक्य आलं. तेव्हा योगेंद्र खालच्या आवाजात, वऱ्हाडीत, सगळ्यांदेखत म्हणाला, बस कर ना वो रुचिका. त्याचा चेहरा नऊ वर्षांच्या पोरासारखा झाला होता.

आत्या, ते वाक्य मला सोडता आलं असतं. बापाच्या मरणावरचं रडणं होतं ते, आणि ते कसं असतं हे मला माहीत होतं. मी ते सोडलं नाही. शब्द न् शब्द सांगितला, आणि कोणीतरी हसेल म्हणून थांबले. कोणी हसलं नाही. मग तो तसाच उभा राहिला, सगळे त्याच्याकडे पाहत होते, आणि मी खाली बसले.

प्रोफेसरांनी आज त्याच्याकडून माझी टेप माझ्यासमोर पुसून घेतली. प्रबंधाचं काय होईल ते ठरायचं आहे. तू विचारशील, त्याची दया आली का. आली. पण तो पुन्हा तसा उभा राहिला तर मी पुन्हा तेच करीन.

आज संध्याकाळी सामाईक स्वयंपाकघरात बसून आईला फोन केला. चार जण जेवत होते. मी म्हटलं, माय, मी बोलून राह्यली वो. मग आम्ही दोघी नानाजींसाठी रडलो, पोटभर, मोठ्याने.

शोभाबाईच्या पायांवर माझ्या वतीने डोकं ठेव. तुझं प्रेम माझ्या पाठीशी असंच उभं असू दे.

तुझी,
रुचिका