तेउनिसचा चमचा

१२ फेब्रुवारी
टाकसाळीत काम मिळालं! शाळा सुटली तेव्हा आई म्हणायची, तोंड न उघडणाऱ्या पोरीला कोण कामावर ठेवणार. आज असती तर हसली असती. शहराला स्पॅनिश फौजेचा वेढा, बाहेरून चांदी येत नाही. म्हणून घरोघरची भांडी वितळवून नाणी पाडतात. गोल करायला वेळ नाही. पत्रा कातरायचा, चौकोनावर ठसा मारायचा. मालक रुटगर म्हणाले, बरंय की, चौकोनी नाणं गडगडत गटारात जात नाही. मला रोज वाडगाभर सूप. अर्धं माझं, अर्धं धाकट्या तेउनिसचं.

१६ फेब्रुवारी
आता बारशाचे चमचे गोळा करतायत. पोराचं नाव कोरलेला चांदीचा चमचा, दात येताना पोरं तोच चावतात. तेउनिसचा मी झग्यात लपवला होता. मालकांनी ओढून काढला.
"नाव तुझ्या भावाचं, चांदी शहराची."
मुशीत टाकला. वर तांबं ढकललं. तांब्याच्या वजनाएवढी चांदी स्वतःच्या खिशात घातली, मी बघितलं. त्यांच्या लेकाचा चमचा मात्र त्यांच्या घट्ट सूपात उभा होता. घरी येईपर्यंत दातओठ खात होते.

१९ फेब्रुवारी
नाण्यांच्या कडेला दातांच्या खुणा. बारीक. पुढचा एक दात अर्धा तुटका, तेउनिसचा आहे तसाच. मालकांनी हातोडा घातला. खुणा जात नाहीत.

२० फेब्रुवारी
कुलपातल्या नाण्यांचे कोपरे गायब. कुरतडलेले. मालक म्हणाले, उंदीर. उंदीर कुठले? सगळे आम्हीच खाल्ले. मग म्हणाले, तूच चोरटी, आजपासून सूप बंद. तीन वर्षांच्या पोराचं सूप बंद. मेल्याला लाज नाही.

२२ फेब्रुवारी
तेउनिस खायला मागत नाही. पोट भरलंय म्हणतो. उचलायला गेले — उचलेना. ओठ गार. चकाकतात.
मालकांच्या बोटाला फडकं. टोकच नाही. कशाने ते सांगत नाहीत.

२३ फेब्रुवारी
मालक आमच्या दारात. म्हणतात, चोरलेली चांदी काढ. आत तेउनिस, तोंड उघडं, सगळे दात — सांगायला हवं होतं. पण मी मोठ्याने बोलले. पहिल्यांदाच.
"आत या, मालक. चांदी आतच आहे."
बाहेरून दार मीच लावलं.

ओरडणं थांबलं. चावणं चालूच — मला वाईट का वाटत नाही —

दार उघडलं. तेउनिस आलाय. म्हणतो, ताई, मालक संपले. अजून —