अर्ध्या मात्रेचं शेत

४ जुलै

बाबांनी हातमोजे बांधावर भिरकावले. मी दवाखान्यातली नर्स, अर्धं आयुष्य हातमोज्यांत गेलं, आणि घरात हे! बादलीत बुरशीची पावडर कालवलेली. त्यात भातरोपांची मुळं बुडवायची आणि मग लावणी. बाबांच्या हातांना भेगा पडल्यात, तरी कोपरापर्यंत बादलीत. "रोपाला हात कळायला हवा," म्हणे. बरं, कळू दे.

पावडर शेतकी ऑफिसातल्या बाईंनी दिली. त्या म्हणाल्या, खत निम्मंच टाका. ही बुरशी मुळांत शिरून राहते, तिचे तंतू मातीत लांब लांब जातात आणि रोपासाठी स्फुरद ओढून आणतात. "पण फुकट नाही हं. बदल्यात रोपाकडून साखर घेते." आणि एक ताकीद दिली — सुपर फॉस्फेट, म्हणजे स्फुरदाचं खत, भरमसाट टाकू नका. रोपाला आयतं मिळालं की ते हिला पोसणं बंद करतं. मग ही मागे हटते.

शेजारचे रेडिओकाका (तोंड कधी बंद नसतं म्हणून रेडिओ) बांधावरून खिदळत होते. "आमच्या शिळ्या पावाला रोज बुरशी येते, ती ने की!" संध्याकाळी मात्र उरलेली बादली स्वतःच मागून नेली. बाबांनी त्यांचीही रोपं बुडवून दिली. तसेच, उघड्या हातांनी.

७ जुलै

दादाचा फोन. बाबांचं विसरणं वाढत चाललंय, म्हणून त्यांना त्याच्या शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवायचं म्हणतोय. शेत कुणाला तरी कसायला द्यायचं. मी म्हटलं, कापणीपर्यंत थांब. तोवर ते मला ओळखत असले तर इथेच राहतील, नसले तर घेऊन जा. तो म्हणाला, "ठीक."

बोलून बसले खरी.

१५ जुलै

सकाळी बाबांनी किल्ली हातात धरून विचारलं, "हे काय असतं?" आणि मला "बाई" म्हणाले. चहा दिला तर पैसे किती झाले म्हणून विचारलं. मी न्हाणीघरात जाऊन रडून घेतलं.

मग शेतात गेलो. तण काढायला वाकले, दोन्ही हात चिखलात — आणि मान वर न करता म्हणाले, "भुंग्या, त्या कोपऱ्यातून पाणी झिरपतंय बघ."

भुंगा म्हणजे मी. लहानपणी घरभर गुणगुणत फिरायचे म्हणून. शाळेत जायला लागल्यावर मीच बजावलं होतं, चारचौघांत म्हणायचं नाही. त्यांनी शब्द पाळला. घराबाहेर हे नाव आजवर कुणाच्या कानावर गेलेलं नाही.

कोपऱ्यातून खरंच झिरपत होतं. मला इतका आनंद झाला की बांध लिंपताना मी पुन्हा गुणगुणत होते.

घरी आणलं. साबण लावून नळाखाली त्यांचे हात धुतले. टॉवेल पुढे केला तर म्हणाले, "बाई, तुम्ही फार चांगल्या आहात."

२३ जुलै

रोपांच्या रांगा दोरी धरून लावल्या होत्या. दोरीचं एक टोक माझ्याच हातात होतं. आज बघते तर शेताच्या मधून वाट पडलीय! वाकडी वाट. पंपाच्या खोलीपासून निघते, मधली दलदलीची जागा टाळते आणि पाण्याच्या तोंडाशी पोचते. एक रोप मेलेलं नाही, मोडलेलं नाही. नुसती बाजूला सरून उभी आहेत.

बाबा आयुष्यभर असेच चालायचे. आता विसरलेत. परवा त्याच दलदलीत गुडघ्यापर्यंत रुतले.

शेतकी बाईंना दाखवलं. त्यांनी एक रोप उपटून भिंगाखाली धरलं, मुळांना पांढऱ्या तंतूंचं जाळं. "छान रुजलीय हो!" वाटेचं विचारलं तर म्हणाल्या, उंदीर असतील.

२४ जुलै

उंदीर नाहीत.

२ ऑगस्ट

बाबांना ताप. चार दिवस अंथरुणात. डोळे उघडे, पण घरात कुणीच नाही असं बघतात. माझ्याकडेसुद्धा.

दुपारी त्यांच्या खोलीची खिडकी उघडली आणि तशीच उभी राहिले. वारा अजिबात नाही. बाहेर वाळत घातलेला टॉवेलही हलत नव्हता. आणि आमचं सगळं भात या खिडकीकडे झुकलेलं. पात्याचं टोक न् टोक. काकांचं शेजारीच आहे, ते सरळ उभं.

मी खाली जाऊन बांधावर उभी राहिले. माझ्याकडे एकही पान वळलं नाही.

खिडकी लावून घेतली. कडी दोनदा तपासली.

९ ऑगस्ट

ताप उतरला. शेतात नेलं. हात चिखलात गेले आणि बाबा परत आले — आईचं नाव, पंपाची खोड, माझी पहिली नोकरी, सगळं! हसले. "भुंग्या, किती वाळलीस," म्हणाले. नळाखाली हात धुतले आणि संपलं. या वेळी स्वतःचं नावही आठवेना.

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बुरशी फुकट काही देत नाही, म्हणाल्या होत्या ना शेतकी बाई? बदल्यात घेते. बाबांचे हात भेगाळलेले, तिथूनच ती आत शिरली असणार. रोज शेतात जाताना बाबा जेवढे असतात त्याहून कमी होऊन येतात. त्यांची वाट तिकडे उमटते, त्यांचं सगळं तिकडे चाललंय. आणि मीच त्यांना हाताला धरून तिथे नेते!

बास. हिचं दाणापाणी तोडते. सुटतील बाबा.

११ ऑगस्ट

सुपर फॉस्फेटची पोती आणली. एकटीने फेकलं, मुठी भरभरून. या वेळी मीही हातमोजे घातले नाहीत. काका ओरडले, "अगं, निम्मं म्हणाल्या होत्या ना बाई!" मी पुढचं पोतं फोडलं.

बाबा बांधावर बसून बघत होते. मध्येच उठले आणि माझं मनगट धरलं. मी हात सोडवून घेतला.

१९ ऑगस्ट

वाट बुजली. रांगा सरळ, खिडकीकडे काही झुकत नाही. हिरवंगार, कुणाच्याही शेतासारखं शेत. मला वाटलं, जिंकले.

बाबांना नेलं. हात चिखलात घातले. मी वाट बघत राहिले. त्यांनी हात बाहेर काढून चिखलाकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई, हे कुणाचं शेत?"

पुन्हा घालायला लावले. मीच त्यांचे हात धरून दाबले, खोल. ते घाबरले. "दुखतंय," म्हणाले.

२० ऑगस्ट

उलटं समजले मी. ती घेत नव्हती. जे त्यांच्या हातून निसटत होतं ते धरून ठेवत होती, आणि हात लावला की परत देत होती. मी साबणाने धुऊन काढत होते. आणि मग तिला उपाशी मारलं.

कुणाला सांगू? दादाला फोन लावला, वाजायच्या आत कापला.

२७ ऑगस्ट

बांध फुटला होता, बुजवायला घेतला. आत पांढरे तंतू, जाडच्या जाड. सगळे एकाच बाजूला गेलेले. काकांच्या शेताकडे.

काकांच्या भातात एक वाट पडलीय. वाकडी.

३० ऑगस्ट

दादा शनिवारी येतोय. कापणीपर्यंत थांबण्यात अर्थ नाही म्हणतो. त्याला नाही म्हणायला माझ्याकडे तोंड नाही. बाबांचे कपडे इस्त्री करून बॅगेत भरले.

३१ ऑगस्ट

सकाळी बांधावरून जात होते. रेडिओकाका तण काढत होते, दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात. गप्प. त्यांना गप्प असं मी कधी बघितलेलं नाही. मान वर न करता म्हणाले, "भुंग्या, माझे कपडे कशाला भरलेस?" मग दचकून माझ्याकडे बघत राहिले. "काय म्हणालो गं मी?"

बाबा आत शर्टाची बटणं लावताहेत, तेवढ्यात हे लिहितेय. काकांना सांगून आलेय, आम्ही येईपर्यंत हात बाहेर काढू नका.