बिनगुळाचं खापर

पातोंडे, ता. अमळनेर
१९ डिसेंबर १९६८

सौ. सज्जनबाई हिला झुंबरचा स. न. वि. वि.

तू माझ्याहून दोन महिन्यांनी लहान, म्हणजे खरं तर आशीर्वाद द्यायचा. पण शेठाणीला दिलेला आशीर्वाद परत आला तर ठेवू कुठं? नमस्कारच घे.

काल अमळनेरच्या बाजारात तुझा प्रकाशचंद भेटला. मी सरकीचा भाव विचारला, तर तो तुझंच गाऱ्हाणं घेऊन बसला. आईनं महिनाभराचं आयंबिल धरलंय, पारणं थेट संक्रांतीला, इकडे खोकल्यानं छाती खरवडून निघतेय, डॉक्टर म्हणतो गरम काही पोटात जाऊ द्या, आई ऐकत नाही, मावशी तुम्हीच लिहा. मला मावशी म्हणाला हे मात्र झकास.

पण हे आयंबिल म्हणजे नेमकं काय ग? तुमच्या दुकानामागं आपण शाळेच्या पाट्या पुसत बसायचो तेव्हा तुझी आई करायची, एवढंच आठवतं. एकदाच जेवतात म्हणे. मग त्या जेवणात माझा काढा घे. आलं ठेच, तुळशीची पानं टाक, दूध घाल, वर गुळाचा खडा. माझ्या वनाच्या बापानं याच्यावरच सगळ्या थंड्या काढल्या. गेला तो साप चावून गेला, खोकल्यानं नाही.

उत्तर लवकर धाड. लोभ आहेच, तो उकळता ठेव.

तुझी झुंबर

*

धुळे
२२ डिसेंबर १९६८

प्रिय झुंबरला सज्जनचा जय जिनेंद्र.

पत्र पोचलं. यांनी ते दुकानात दोघातिघांना वाचून दाखवलं, तेव्हा पुढच्या वेळी सापाचं जपून लिही. पाकिटावर तुझ्या नावामागं गं. भा. लिहायचं असतं असं प्रकाश म्हणाला. मी नुसतं झुंबरबाई लिहिलं. पाटीवर तेवढंच लिहायचीस ना?

आयंबिलात एकदाच आणि एकाच बैठकीत जेवायचं. दूध, दही, तूप, तेल, गूळ, साखर काही नाही. हिरवं काही नाही. बाकी वेळ उकळलेलं पाणी, तेही दिवस मावळेपर्यंत. तुझं आलं जमिनीखालचं, ते आम्हाला एरवीही चालत नाही. वाळलेली सुंठ चालते, मिरी चालते. म्हणजे तुझ्या काढ्यातलं भांडं तेवढं उरलं.

तू विचारशील की एवढा हट्ट कशाला. याआधी दोनदा मी महिन्याचं धरलं आणि दोन्ही वेळा चहापाशी मोडलं. दुसऱ्या वेळी हीराबाई, म्हणजे यांच्या थोरल्या बहीण, म्हणाल्या की सज्जनचं तप कपबशीएवढं. खरं होतं, म्हणून लागलं. या वेळी पुरं करायचंय. पण खोकून खोकून घास उतरत नाही, आणि प्रकाश म्हणतो की पाच तारखेपर्यंत उतार पडला नाही तर तो स्वतः दुधाचा पेला माझ्या तोंडाला लावणार. लावेलही. बापावर गेलाय.

वनाला, सूनबाईला आशीर्वाद. आठवण काढतेस, काढत राहा.

तुझी सज्जन

*

पातोंडे
२५ डिसेंबर १९६८

सौ. सज्जनला स. न.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बठ्ठंच बंद शे तं चालू काय शे, बाई? पाणी आणि देव!

पण तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. दूध नको, गूळ नको, हिरवं नको, तरी गरम पाहिजे, अंगी लागलं पाहिजे. असं काय असतं? भाकरी थापताना हाच विचार, नि भाकरी करपली. आधी नागलीला मोड आणून दळावं म्हणून भिजत घातली. तर आमची बेबा, वनाची बायको, म्हणाली की त्या मोड आलेलं खाणार नाहीत. ही पोरगी सावद्याची, हिच्या शेजारी मारवाडी राहायचे. नागली आम्हीच खाल्ली.

मग आपली दादर ज्वारी काढली. खापरावर खरपूस भाजली, सुंठ-मिरी घालून जात्यावर बारीक दळली. वना धुळ्याला येतोय, त्याच्याजवळ डबा देते. खळखळत्या पाण्यात चमचाभर सोड, गुठळी होऊ देऊ नको, फुंकून पी. गोड लागली तर दादरीचा गुण समज आणि जास्त चौकशी करू नको.

शेठना नमस्कार. सापाचं काढून टाकलंय.

झुंबर

*

धुळे
२९ डिसेंबर १९६८

झुंबरला सज्जनचा जय जिनेंद्र.

डबा पोचला. जेवायच्या वेळी मी उघडणार, तर माझ्याआधी मुंग्यांनीच उघडलेला. नुसत्या दादरीला मुंग्या, आणि त्याही सुंठ-मिरी घातलेल्या?

आमच्यात मुंगी मारता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. डबा अंगणात सावलीला ठेवलाय, त्यांचं पारणं होईपर्यंत. हीराबाई पाट टाकून बघत बसल्यात. म्हणाल्या, तुझ्या मैत्रिणीनं तपस्येला बरीच मंडळी बोलावली.

मी हसले, मग हसू गेलं. झुंबर, लहानपणापासून मला फसवत आलीस, अजून फसव. पण हात जोडून घेतलेल्या नेमाला फसवू नको. मी नकळत प्याले असते तर तुझ्या मते काय बिघडलं असतं? माझा महिना गेला असता, आणि गेला हे मला कळलंही नसतं. त्यापेक्षा मी जाणूनबुजून मोडलेला बरा.

काल जिन्यात मध्येच बसावं लागलं. प्रकाश बघत होता. खाली जाऊन दूधवाल्याला शेरभर जास्त सांगून आला.

तुझ्यावर रागावले आहे असं समज. जमलं नाही तरी समज.

सज्जन

*

पातोंडे
१ जानेवारी १९६९

सज्जनला झुंबरचा हात जोडून नमस्कार.

आधी मी लिहिलं होतं की दोष खापराचा. त्याच खापरावर आखाजीच्या सणाला पुरणाचे मांडे होतात, पुरण फुटतं, त्यानं वर्षानुवर्षं गूळ पिलाय, मी काय करू? असं छान लिहिलं आणि फाडलं. गूळ मी घातला. मूठभर. तुझी छाती मला मोठी वाटली आणि तुझा नेम लहान वाटला. चुकले.

पण गंमत बघ. खापराचं खोटं लिहिता लिहिता कळलं की ते खोटं नाहीच! गूळ घातला नसता तरी त्या खापरातून थोडा गेलाच असता. मग जीवराम कुंभाराकडून कोरं खापर आणलं. जीवराम म्हणाला, आखाजी लांब शे, आताच मांडे कोणाला? म्हटलं, मुंग्यांना.

जातं धुतलं, उन्हात वाळवलं. हात राखेनं घासले. दादर मूठ मूठ भाजली. जाळ वर येऊ दिला नाही, दाणा लाल होऊ दिला नाही, बदामी झाला की उतरवला. एक दाताखाली धरला, तर गोड! भास झाला म्हणून बेबाला दिला. तीही म्हणाली, आत्याबाई, गोड शे. मग ही गोडी दादरीत आधीपासूनच होती की काय, आणि आपण जन्मभर तिच्यावर गूळ लिंपत बसलो? मला तर रात्री झोप येईना. तुमच्या स्थानकातल्या साध्वी महासतीजींना विचार, त्यांना ठाऊक असेल.

डबा मुद्दाम मुंग्यांच्या वाटेवर उघडा ठेवला. आल्या, काठावर फिरल्या, निघून गेल्या. मुंग्यांनी पास केलंय, आता तू कर. वनाला तातडीनं धाडते.

रागावलीस ते बरं केलंस. आता ऊन ऊन पी.

तुझी झुंबर

*

धुळे
७ जानेवारी १९६९

प्रिय झुंबरला सज्जनचा जय जिनेंद्र.

पहिल्या दिवशी तुझं पेय चुलीत तोंड घातल्यासारखं लागलं. वाडगा संपवला तो तुझ्या धाकानं. दुसऱ्या दिवशी ऊब छातीपर्यंत उतरली. काल घोट जिभेवर धरून ठेवला, आणि तू म्हणतेस ती गोडी लागली. महासतीजींना विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या की जीभ गप्प बसली की दाणा बोलतो.

खोकल्याला उतार पडलाय. पाच तारखेला प्रकाशनं दुधाचा पेला आणला, माझा रिकामा वाडगा पाहिला आणि दूध स्वतःच पिऊन गेला.

आता मुख्य. मंगळवारी संक्रांतीला पारणं. सगळ्या बायका येतील, तिळगूळ, हळदीकुंकू सगळं इथंच. पहिला घोट मला तुझ्या हातचा हवा. सोमवारीच ये.

वाट बघणारी सज्जन

*

पातोंडे
९ जानेवारी १९६९

सज्जनला स. न.

उतार पडला वाचून बेबानं आणि मी पेढा खाल्ला. तुझ्यासोबत मीही बिनगुळाचं प्यायला लागले होते, ते चार दिवस टिकलं. माझी जीभ गप्प बसणारी नाही, हे महासतीजींना सांग.

पारण्याला मात्र येत नाही. कापूस वेचायचाय, आणि म्हैस आज-उद्या विते. आणि खरं विचारशील तर संक्रांतीचं हळदीकुंकू, भरल्या कपाळाच्या बायका, त्यात मी कुठं उभी राहू? मागच्या दारानं यायची आणि चुलीपाशी बसायची मला सवय आहे. पण त्या दिवशी तू चुलीपाशी नसशील. पहिला घोट हीराबाईंच्या हातचा घे, त्यांचं तोंडही गोड होईल. पुढं कधी येईन, तेव्हा दुसरा माझा.

झुंबर

*

धुळे
११ जानेवारी १९६९
(कार्ड)

झुंबर,

हीराबाईही तेच म्हणाल्या. संक्रांतीचा दिवस, सवाष्णीच्या हातचं शोभेल. मी म्हटलं, बरं, मग मला घाई नाही. बुधवारीही आयंबिल करीन, गुरुवारीही करीन, डबा अजून अर्धा आहे. त्या घाबरल्या. प्रकाश सोमवारी सकाळी तुला घ्यायला येतोय. म्हैस बेबा बघेल.

गूळ घेऊन ये. या वेळी उघड्यावर.

सज्जन

*

पातोंडे
१७ जानेवारी १९६९

अखंड सौभाग्यवती, हट्टी सज्जनला झुंबरचा आशीर्वाद. या वेळी आशीर्वादच.

सुखरूप पोचले. म्हैस विली, रेडी झाली. बेबा म्हणते नाव आयंबिल ठेवू. मी रागावले, पण वना तशीच हाक मारतो.

तिथं बोलले नाही, ते आता लिहिते. त्या सगळ्या बायकांमधून वाडगा घेऊन तुझ्याकडं येताना मी पदर कपाळावर ओढला, तो थंडीनं. धुळ्याची थंडी वाईट. तू म्हणशील की तेव्हा ऊन पडलं होतं. पडलं असेल, मी बघितलं नाही.

आणि एवढं सगळं करून, भरल्या घरासमोर, पहिला घोट घेऊन तू म्हणालीस काय? तर गूळ जास्त झाला! ज्या गुळासाठी मी चोरी केली, माफी मागितली, खापर बदललं, तो तुला जास्त झाला. हीराबाई पदर तोंडाला लावून हसल्या, ते मी पाहिलं. निघताना मला कोपऱ्यात गाठून म्हणाल्या की चैत्रात त्या आयंबिल धरणार, एक डबा त्यांनाही हवा. म्हटलं, माझ्या हातचा चालेल? तर म्हणाल्या, खापर कोरं असू द्या. त्यांच्याकडून मला एवढं पुष्कळ.

तुझ्या वाडग्यातला उरलेला गुळाचा खडा पदराला बांधून आणला. आल्या आल्या भिंतीपाशी मुंग्यांना ठेवला. त्यांचंही राहिलं होतं ना पारणं.

पाकिटावर लिहितेस तसंच लिहीत जा. पोस्टमन विचारतो, झुंबरबाईच का, नुसती? म्हणते, नुसतीच.

तुझी झुंबर