लाल पट्टी, निळी पट्टी

सोमवार, २ तारीख
आजपासून आयुष्याला शिस्त. कुरियर झालं, फोटो स्टुडिओ झाला, आता विज्ञान. काम सोपं: प्लेटवर जंतूंचा थर द्यायचा, वर दोऱ्याच्या तुकड्यांसारखे कृमी सोडायचे. संशोधन प्रयोगशाळेतल्या ताईंचं, मी त्यांचा मदतनीस. नोकऱ्यांची यादी ऐकून त्यांनी विचारलं, पाहुणे, मुक्काम किती? म्हटलं, कायमचा.

मंगळवार, ३
ताईंनी समजावलं. रोगजंतू पोटात गेला की कृमीच्या पेशीत निरोप निघतो. एक रेणू दुसऱ्याला सांगतो, दुसरा तिसऱ्याला, मग शरीर स्वतःच औषध बनवतं. ताईंनी मधला एक निरोप्या काढून टाकलाय. प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणतात, आता कृमी पटापट मरणार. ताई म्हणतात, निरोप आडवाटेने पोचेल. वाट सापडली तर फेलोशिप वाढेल, नाहीतर गाशा गुंडाळायचा. मला सगळं कळलं. जवळपास.

बुधवार, ४. दुपार
बाटल्या दोन. निळी पट्टी: कृमींचं रोजचं खाणं. लाल: रोगजंतू. इअरफोनच्या वायरी सुटल्या होत्या. बाटल्यांवरच्या चिकटपट्ट्या कामी आल्या: डावीला लाल लावली, उजवीला निळी. झकास! मग बघतो तर दोन्ही बाटल्यांत सारखंच गढूळ पाणी. खिडकीकडची रोगाची, बहुतेक. अंदाजही एक कलाच आहे.

शुक्रवार, ६
कृमी जिवंत! मस्त वळवळताहेत. ताई नाचल्याच. म्हणाल्या, पाहुणे, तुमच्या हाताला यश आहे. खिडकीकडची बाटली खाण्याची निघाली तर? अंदाज बरोबरच असणार. तरी उद्या सांगतो.

शनिवार, ७
ताई फोनवर आईला सांगत होत्या, अगं, आणखी दोन वर्षं मिळतील! मध्ये बोलणं असभ्यपणाचं. सोमवारी नक्की.

सोमवार, ९
सांगायलाच गेलो होतो. ताई म्हणाल्या, सरांसमोर पुन्हा करायचंय, तूच कर. नव्या बाटल्या, नव्या पट्ट्या. यावेळी डोळ्यांत तेल घालून केलं. न सांगताच प्रश्न सुटला! वाट खरी असेल तर जगतीलच की. विज्ञानावर विश्वास हवा.

बुधवार, ११
सगळे काडीसारखे ताठ. तारेने टोचलं तरी हलेनात. सर म्हणाले, महिनाअखेर टेबल रिकामं करा. ताई म्हणाल्या, चूक माझीच असेल सर, हा पोरगा फार मनापासून करतो.
मान वर होईना. काहीतरी करायचं म्हणून इअरफोन काढून टेबलावर ठेवले. ताईंनी उचलले. डाव्या वायरीवरच्या लाल पट्टीवर त्यांच्याच अक्षरात ‘रोग’, उजवीवरच्या निळीवर ‘खाणं’. दोन्ही वाचल्या.
मग विचारलं, ऐकू येतं का रे यातून?
म्हटलं, एकाच कानात.